हात जोडण्याची सक्ती आधी थांबवा : शिक्षण आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे,
सर्व शिक्षणाधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी,
आणि गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्या

सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या धर्माचा विषय आपल्याकडे निघतो तो भांडण झाल्यावरच. कुठे सरस्वतीपूजनावरून, कुठे स्कार्फवरून, कुठे ताटातल्या अंड्यावरून. मग घाईने परिपत्रक निघते, दोन दिवस गाजते, आणि मागे तरी घेतले जाते किंवा शाळेच्या फायलीत पडून राहते. जानेवारी २०१७ मध्ये शासकीय कार्यालये आणि शाळांतून देवदेवतांच्या तसबिरी काढण्याचे परिपत्रक निघाले, गदारोळ झाला आणि ते मागे घ्यावे लागले. नेमके काय करायचे आणि काय नाही, हा प्रश्न मुख्याध्यापकांच्या टेबलावर होता तसाच राहिला.

त्या टेबलासाठी एक लेखी कार्यपद्धती हवी, म्हणून हे पत्र. आमचे म्हणणे थोडक्यात असे : धर्म मुलाचा असतो, शाळेचा नसतो. मुलाने कपाळाला टिकली लावावी, डोक्याला रुमाल बांधावा, रोजा धरावा, पर्युषणात उपास करावा, किंवा यातले काहीच करू नये. शाळेने त्याच्या आड येऊ नये आणि स्वतःच्या वतीने काही करायलाही लावू नये. एवढी एक रेघ नीट आखली तर निम्मे वाद शाळेच्या फाटकाबाहेर राहतील.

आधी कायदा, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. संविधानाच्या कलम २८ चे तीन भाग आहेत आणि आपल्या शाळा त्यांत वेगवेगळ्या ठिकाणी बसतात. जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका आणि शासकीय आश्रमशाळा संपूर्णपणे सरकारी पैशावर चालतात. तिथे कलम २८(१) लागू होते : कोणतेही धार्मिक शिक्षण द्यायचे नाही. पालकांनी संमती दिली तरी नाही, ग्रामसभेने एकमताने ठराव केला तरी नाही. खासगी संस्थांच्या अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना कलम २८(३) लागू होते. तिथे धार्मिक शिक्षण किंवा उपासना होऊ शकते, पण कोणालाही त्यात भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. मधले २८(२) हे एखाद्या दाननिधीतून किंवा न्यासातून धर्मशिक्षणाच्या अटीवर स्थापन झालेल्या, पण राज्याने चालवलेल्या संस्थांसाठी आहे. अशा शाळा थोड्या, त्यामुळे तो भाग इथे सोडून देतो.

यातली एक फट नजरेतून सुटते. कलम २८(१) धार्मिक ‘शिक्षणा’बद्दल बोलते, पूजेचा शब्द त्यात नाही. म्हणून ‘आम्ही शिकवत नाही, फक्त आरती करतो’ असा बचाव ऐकू येतो. तो टिकणारा नाही. मुलाच्या सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य कलम २५ मध्ये आहे, कराचा पैसा एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी नको हे कलम २७ मध्ये आहे, आणि मुलाला मानसिक त्रास देण्यावर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार बंदी आहे. तिन्ही एकत्र वाचली की सरकारी शाळेतल्या सक्तीच्या आरतीला जागा उरत नाही.

हे कोणा एका सरकारचे किंवा पक्षाचे खूळ नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, सरकारी शाळांतले शिक्षण धर्मनिरपेक्ष ठेवले. राज्यकर्ते ख्रिस्ती असूनही बायबल ग्रंथालयात ठेवायचे, वर्गात शिकवायचे नाही, असे तेव्हा ठरले. ७ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत आजच्या कलम २८ वर चर्चा झाली. डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या कारणांपैकी दोन आजच्या जिल्हा परिषद शाळेलाही तंतोतंत लागू पडतात. कराचा पैसा एखाद्या धर्मासाठी वापरायचा नाही असे ठरल्यावर त्याच पैशाच्या शाळेत धर्मशिक्षण कसे द्यायचे? आणि लोकल बोर्डाच्या (तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या) हद्दीत एका धर्माचे लोक बहुसंख्य, बाकीचे मूठभर, अशा ठिकाणी सर्वांना न्याय कसा द्यायचा? दोनशे उंबऱ्यांच्या गावात तीनच घरे वेगळ्या धर्माची असतात तेव्हा हा दुसरा प्रश्न किती खरा आहे, हे तिथल्या शिक्षकांना सांगावे लागत नाही.

आता कामाचे बोलू. क्रम चुकला की काम बिघडते, हे २०१७ ने दाखवले. भिंतीवरच्या तसबिरीपासून सुरुवात केली की गाव दुखावते आणि मुलांच्या पदरात काही पडत नाही. आधी सक्ती थांबवा, मग पैशाचा हिशेब स्वच्छ करा, मग वेळेचा. भिंत शेवटी.

सक्तीची जागा म्हणजे परिपाठ. ‘एक साथ प्रार्थना शुरू कर’ या आज्ञेआधी ‘हात जोडा, डोळे मिटा’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. पण हात न जोडणारे मूल ओळीत लगेच दिसते. वर्गशिक्षक खांद्याला हात लावतात, शेजारची मुले बघतात, मधल्या सुट्टीत ‘तू का नाही जोडलेस?’ सुरू होते. उपाय फुकटचा आहे : आज्ञा बदला. ‘शांत उभे राहा’ एवढेच म्हणा. ज्याला हात जोडायचे तो जोडेल, ज्याला नाही तो सरळ उभा राहील, आणि ओळीत कोणी वेगळा पडणार नाही.

यामागे न्यायालयांचे निर्णय आहेत. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल जुलै १९८५ मध्ये शाळेतून काढले गेले. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, फक्त आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. आपल्याकडे नाशिकच्या एका अनुदानित शाळेत शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वाढीव वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की अशी सक्ती मूलभूत हक्काचे उल्लंघन आहे. नोकरी करणाऱ्या प्रौढ शिक्षकाला जे संरक्षण मिळाले, ते सहा वर्षांच्या मुलाला मिळण्यासाठी खटला लागू नये.

परिपाठात काय असावे? राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे, २०२३ पासूनचे राज्यगीत १ मिनिट ४१ सेकंदांचे, मग प्रतिज्ञा, २६ जानेवारी २०२० पासून सक्तीचे झालेले संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन, बातम्या, दिनविशेष, बोधकथा. दहा-बारा मिनिटांत हे सगळे होते. प्रार्थना हवी असेल तर ती कोणत्याही एका दैवताला हाक मारणारी नसावी. साने गुरुजींची ‘खरा तो एकचि धर्म’ शेकडो शाळांत म्हटली जाते आणि तिच्यावर आजवर कोणाच्या घरातून तक्रार यावी असे तिच्यात काही नाही. पसायदानावर आमच्यातच दोन मते आहेत. काहींच्या मते त्या नऊ ओव्या मराठी भाषेचा ठेवा आहेत आणि विश्वाचे भले मागतात, त्यामुळे त्या रोज म्हणाव्यात. काहींना वाटते की ‘देवें’ हा शब्द आहे तोवर ती प्रार्थनाच आहे. शेवटी आम्ही इथे थांबलो : मराठीच्या तासाला पसायदान सर्वांनी शिकावे, अर्थासह, पाठसुद्धा करावे. परिपाठात ते म्हणायचे असेल तर शांत उभे राहण्याची मुभा प्रत्येकाला असावी. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही हा भाग सरळ नाही. अशा ठिकाणी सक्ती टाळणे हाच सुरक्षित मार्ग.

दोन मिनिटांचे मौन हा आणखी एक पर्याय. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये विद्यापीठ शिक्षणासाठी रोज काही मिनिटे मूक चिंतन सुचवले होते. मौनात प्रत्येक मूल आपल्या घरचे नाव घेऊ शकते किंवा काहीच घेत नाही. शाळेला ते कळण्याची गरज नाही.

सूर्यनमस्काराचेही असेच. व्यायाम म्हणून तो उत्तम आहे. अडचण होते ती सूर्याच्या बारा नावांच्या मंत्रांची आणि ‘नमस्कार’ या भावनेची. अंकांवर घेतला, एक ते बारा मोजत, की तो कवायत होतो. तरीही ज्या घराची हरकत असेल त्या मुलाला त्याच वेळी, त्याच मैदानावर दुसरा व्यायाम द्यावा. झाडाखाली बसवून ठेवणे म्हणजे शिक्षाच.

आता पैसा. ३१ ते १०० पटाच्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून वर्षाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदानाची तरतूद आहे. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. वीजबिल, खडू, नळाची दुरुस्ती, स्टेशनरी यांत ते संपते. त्यातून किंवा सादिलमधून (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या रकमेतून) हार, नारळ, पेढे, मंडप असा खर्च निघाला तर त्याला लेखापरीक्षणात नकार मिळायला हवा. सध्या ‘किरकोळ’ या नावाखाली तो व्हाउचरला लावला जातो आणि तपासणीत कोणी विचारत नाही. कार्यपद्धतीत एक वाक्य पुरेल : धार्मिक विधीचा खर्च शाळेच्या कोणत्याही खात्यातून, लोकवर्गणी आणि शैक्षणिक उठावाच्या (शाळेच्या सुधारणेसाठी लोकांनी दिलेल्या) रकमेतूनही, करता येणार नाही. शैक्षणिक उठाव मिळतो तो संगणक, पंखे, वाचनालय, रंगरंगोटी यांसाठी.

शिक्षकांच्या वर्गणीवरही लिहायला हवे. स्टाफरूममध्ये नावांची यादी फिरते, प्रत्येकी दोनशे रुपये. वेगळ्या धर्माचा किंवा कोणताच धर्म न मानणारा शिक्षक नाही म्हणू शकत नाही, कारण यादी मुख्याध्यापकांच्या सहीने निघते. अशी यादी मुख्याध्यापकांनी काढूच नये. कोणाला स्वेच्छेने काही करायचे असेल तर ते शाळेच्या वेळेबाहेर आणि शाळेच्या नावाशिवाय करावे.

भंडाऱ्याच्या दिवशी शाळेचे स्वयंपाकघर, गॅस आणि भांडी मागितली जातात, तेव्हा पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब बिघडतो. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, असा तो मोजून आलेला असतो. एका पंगतीत पोतेभर तांदूळ गेला की पुढे कागदावरचा पट फुगवावा लागतो. म्हणून किचनशेडची चावी गावाच्या कार्यक्रमासाठी द्यायचीच नाही. शाळेची इमारत सुट्टीच्या दिवशी समाजकार्याला देणे वेगळे. ती सत्संगालाही मिळावी, इज्तेमालाही, बुद्ध वंदनेलाही आणि आरोग्य शिबिरालाही. भाडे, अनामत आणि सफाईची अट सर्वांना एकच, नोंद रजिस्टरला. एकाला हो आणि दुसऱ्याला ‘बघू’ असे होते तिथेच गाव शाळेकडे संशयाने पाहू लागते.

वेळेचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास शिक्षण हक्क कायद्याने ठरवले आहेत. परिपाठात आरती आणि श्लोकांची रोज दहा मिनिटे वाढली की २०० दिवसांत २,००० मिनिटे होतात. ३५ मिनिटांची तासिका धरली तर ५७ तासिका. वाचनात मागे राहिलेल्या मुलांच्या शाळेत या ५७ तासिकांना फार किंमत आहे. शिवाय उत्सवाच्या आधीच्या आठवड्यात सजावट, नाच बसवणे आणि पाहुण्यांची निमंत्रणे यांत जे जाते, ते वेगळेच.

म्हणजे शाळेत सण नकोत का? हवेत. फक्त कसे, ते ठरवावे लागेल. चार प्रश्न विचारले की उत्तर मिळते. विधी कोण करतो आहे? पैसा कोणाचा? न आलेल्या मुलाला काही भोगावे लागते का? आणि मुलांना यातून कळते काय? आषाढीची दिंडी घेऊ. मुलांनी देहू-आळंदीहून पंढरपूरपर्यंतचा मार्ग नकाशावर काढला, साधारण तीन आठवड्यांच्या वाटचालीतली गावे शोधली, नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, चोखामेळा, जनाबाई आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद ही माणसे कुठल्या कुठल्या घरांतून आली हे समजून घेतले, तर तो इतिहास, भूगोल आणि मराठीचा एकत्र तास झाला. तीच दिंडी शाळेच्या व्हरांड्यात मूर्तीची स्थापना, मुख्याध्यापकांच्या हस्ते पूजा, आरती आणि प्रसाद अशी संपली, तर शाळेने पूजा केली. प्रसाद आणि खाऊ यांतही फरक आहे. राजगिऱ्याचा लाडू खाऊ म्हणून दिला तर सगळे खातात. देवापुढे ठेवून दिला की काही मुलांना तो घेता येत नाही आणि नाही म्हणताही येत नाही.

ईद, नाताळ, बुद्ध पौर्णिमा, गुरुपर्व यांनाही हीच कसोटी लावा. एक सण पूजेसह आणि बाकीचे फळ्यावर रंगीत खडूने ‘शुभेच्छा’ लिहून, याला सर्वधर्मसमभाव म्हणत नाहीत. आणि सगळ्यांच्या पूजा करत बसणे हाही उपाय नव्हे, कारण मग एका चुकीच्या पाच होतात.

भाषेकडे लक्ष द्यावे अशी कळकळीची विनंती. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत, आणि ‘आपण’मध्ये ऐकणाराही धरलेला असतो. शिक्षक म्हणतात, ‘आपण दिवाळीला किल्ला करतो, त्यांच्यात ईदला शिरखुर्मा करतात.’ या एका वाक्यात वर्गातली चार मुले ‘आपण’मधून बाहेर गेली. ‘दिवाळीला अनेक घरांत मुले किल्ला करतात, ईदला अनेक घरांत शिरखुर्मा करतात,’ असे म्हटले की कोणी बाहेर जात नाही. निबंधाचा विषय ‘माझा आवडता सण’ चालेल. ‘आमच्या घरचा गणपती’ हा विषय वर्गातल्या प्रत्येकाला लिहिता येत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी आणि स्वाध्यायपुस्तिका लिहिणाऱ्यांनी एवढे पाहिले तरी बराच फरक पडेल.

धर्मांविषयी शिकवणे मात्र सोडू नका. काही शाळा वाद नको म्हणून तो धडाच उरकून टाकतात. हे चूक आहे आणि कायद्यालाही ते अपेक्षित नाही. १९७१ च्या डी. ए. व्ही. कॉलेज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फरक स्पष्ट केला : एखाद्या पंथाची तत्त्वे, विधी, उपासनापद्धती मनात रुजवण्यासाठी दिलेले ते धार्मिक शिक्षण. गुरू नानकांचे जीवन आणि विचार अभ्यास म्हणून शिकवणे यात येत नाही. १२ सप्टेंबर २००२ च्या अरुणा रॉय खटल्यातही धर्मांची माहिती देण्यास न्यायालयाने आडकाठी केली नाही. बालभारतीच्या सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाहांच्या धड्यात वैदिक परंपरा, जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम आणि पारशी असे सगळे आहेत. तो धडा एका तासिकेत वाचून न संपवता त्याला सहा तासिका द्याव्यात. वाक्यरचना नेहमी ‘अमुक धर्माचे लोक असे मानतात’ अशी. ‘खरे म्हणजे देव असा आहे’ असे नको, आणि ‘हे सगळे थोतांड’ असेही नको. एखाद्या मुलाला उभे करून ‘तुमच्यात काय असते ते सांग’ म्हणणे तर मुळीच नको. चौथीतल्या मुलाने आपल्या सगळ्या धर्माचा वकील का व्हावे? त्याला स्वतःहून सांगायचे असेल तर जरूर ऐकावे.

सहलीची उत्तम जागा म्हणजे वेरूळ. ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध, पुढची १७ हिंदू आणि शेवटची ५ जैन. एका दिवसात, एका डोंगरात. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा, अलिबागचे सिनेगॉग, गावातला दर्गा, जवळचे चर्च येथेही न्यावे. जिथे चप्पल काढायची किंवा डोके झाकायचे तिथे ते पाहुण्याचे सौजन्य म्हणून पाळावे. माथा टेकवणे, तीर्थ घेणे, मेणबत्ती लावणे हे मुलाच्या मनावर. हे सगळे पालकांना सहलीच्या संमतिपत्रातच लिहून द्यावे.

राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मे २०२४ च्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि भगवद्गीतेच्या अध्यायांच्या पाठांतराची सूचना होती. त्यावर इतका वाद झाला की मसुद्यातली बाकीची पाने कोणी वाचलीच नाहीत. आमचे मत स्पष्ट आहे. मनाचे श्लोक मराठी कवितेच्या इतिहासात शिकवावेत, तुकोबांचे अभंग शिकवावेत, गीतेचा ज्ञानेश्वरांशी असलेला संबंधही शिकवावा. पाठांतराची स्पर्धा आणि तिचे गुण आले की अभ्यास मागे पडतो आणि एका परंपरेच्या घरांतली मुले आधीच पुढे असतात. आणि ‘मग संस्कार कुठून येणार?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याच अध्यापक विद्यालयांत आहे. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, सर्वधर्मसहिष्णुता यांसारखी दहा मूल्ये प्रत्येक शिक्षकाने पाठ केलेली आहेत. ती परिपाठाच्या कागदावर लिहिली जातात आणि वर्गात उतरत नाहीत. काम करायचे तर तिथे करावे.

मुलाच्या स्वतःच्या श्रद्धेबाबत आपल्या शाळा दोन्ही बाजूंनी चुकतात. कुठे मेंदी, बांगड्या, टिकली यांवर दंड होतो, कुठे डोक्यावरच्या रुमालावरून मुलीला दारातून परत पाठवले जाते. गणवेशातल्या स्कार्फचा मोठा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या दोन मतांवर थांबला. पण आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये लिहिलेले आहे. आमची सूचना : गणवेशाच्या रंगाचा रुमाल, पगडी, स्कार्फ चालेल. मंगळागौरीची मेंदी, राखी, गळ्यातला क्रॉस, ताईत, पंचशीलाचा धागा चालेल. प्रयोगशाळेत आणि खेळाच्या तासाला सुरक्षिततेचे नियम सर्वांना सारखे. चेहरा ओळखता यावा, एवढी एकच अट. आणि काही बोलायचे असेल तर ते पालकांशी, वर्गासमोर नाही.

रमजान चांद्र पंचांगानुसार दरवर्षी साधारण १०-११ दिवस अलीकडे सरकतो, सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. रोजा असलेल्या मुलाला दुपारच्या उन्हात धावायला लावू नये, आणि पोषण आहाराच्या वेळी ‘आज तू का जेवत नाहीस?’ असे सर्वांदेखत विचारू नये. चाचण्यांचे वेळापत्रक ठरवताना ईदच्या आधीचा आणि नंतरचा दिवस मोकळा ठेवावा, कारण चंद्रदर्शनावर तारीख हलते. गुड फ्रायडे, बुद्ध पौर्णिमा, संवत्सरी यांच्या तारखा तरी जूनमध्येच कळलेल्या असतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे आणि न खाणाऱ्याला केळे असा निर्णय झाला, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा शासकीय निधी थांबला. जिथे लोकसहभागातून अंडी चालू आहेत तिथे एक गोष्ट पाळा : ‘अंडेवाले इकडे, केळेवाले तिकडे’ अशा दोन पंगती बसवू नका. त्या रांगा काही दिवसांत जातीच्या आणि धर्माच्या होतात. एकच पंगत, एकाच हाताने दोन्ही वाढायचे.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरतानाची एक वाईट सवयही मोडायला हवी. ‘अल्पसंख्याक मुलांनी हात वर करा’, ‘एससीवाले उभे राहा’ असे वर्गात पुकारले जाते. धर्म आणि जात जनरल रजिस्टरमध्ये नोंदलेली असते. वर्गशिक्षकांनी तिथून यादी काढावी आणि पालकांच्या नावे बंद चिठ्ठी द्यावी. दहा मिनिटे जास्त लागतील.

आश्रमशाळांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तिथे मूल चोवीस तास असते. घरी जाऊन वेगळे काही करण्याची सोय नाही. पहाटेची प्रार्थना, संध्याकाळचे भजन, झोपण्यापूर्वीचे श्लोक, सगळे अधीक्षकांच्या हजेरीत. वारली, भिल्ल, कोरकू, गोंड मुलांच्या घरचे देव, त्यांचे सण, त्यांची गाणी या दिनक्रमात कुठेच नसतात. एका बाजूने भजनाचा दबाव, दुसरीकडे काही ठिकाणी धर्मप्रचारकांचा. कलम २८(३) संस्थेला जोडलेल्या आवाराबद्दलही बोलते, म्हणजे अनुदानित आश्रमशाळेचे वसतिगृह त्यात येते. तिथे संध्याकाळची हजेरी आणि उपासना एकत्र घेऊ नये, दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. बाहेरून आलेल्या कोणत्याही पंथाच्या व्यक्तीला मुलांना भेटायचे असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि नोंद असावी. आणि गावदेवाच्या सणाला घरी जाण्यासाठी रजा सहज मिळावी.

आता संमतीबद्दल, कारण अनुदानित शाळांत सगळे तिथेच बिघडते. ‘कोणाची हरकत आली नाही’ ही संमती नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, निम्म्या महिला असतात, ही चांगली गोष्ट. पण समितीचा ठराव म्हणजेही संमती नव्हे, कारण संमती त्या त्या मुलाच्या पालकाची लागते आणि ती बहुमताने ठरत नाही. प्रवेशअर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात ‘शाळेचे सर्व कार्यक्रम मान्य’ असे छापलेले असते, त्यालाही काही अर्थ नाही. वेगळा कागद हवा, पालकाला वाचता येईल त्या भाषेत, मराठी, उर्दू, हिंदी, कन्नड, जी असेल ती. त्यावर कार्यक्रम काय, किती वेळ, कोण घेणार हे लिहिलेले असावे. परत करायला किमान आठ दिवस द्यावेत. कागद परत आला नाही तर उत्तर ‘नाही’ असे धरावे. संमती वर्षात केव्हाही मागे घेता यावी, कारण न विचारता. हे कागद मुख्याध्यापकांकडे बंद राहावेत, वर्गात यादी लागू नये. आणि भाग न घेणाऱ्या मुलांना त्या वेळात वाचनालय किंवा चित्रकला मिळावी, शिक्षकांसह. बाहेर व्हरांड्यात उभे करणे म्हणजे संमतीची किंमत मुलाकडून वसूल करणे.

तक्रारीचा मार्ग कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. गावातल्या पालकाला हे माहीत नसते. शाळेच्या दर्शनी फलकावर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख (जवळपासच्या शाळांच्या गटाचे पर्यवेक्षक) आणि गटशिक्षणाधिकारी यांच्या क्रमांकांखाली ही एक ओळ रंगवून घ्या. तक्रार करणाऱ्या घराचे नाव गावात फुटू नये ही जबाबदारी केंद्रप्रमुखांची, कारण वेगळ्या धर्माची तीनच घरे असलेल्या गावात नाव न घेताही नाव कळते. म्हणून चौकशी ‘कोणी तक्रार केली’ इथून सुरू न करता परिपाठाच्या भेटीतून, रोकडवही तपासून करावी.

भिंतीचे शेवटी बोलू असे म्हटले होते. लावलेल्या तसबिरी कोणी रात्रीतून उतरवू नयेत. नवीन धार्मिक तसबिरी लावू नयेत, असलेल्यांची शाळेच्या वेळेत पूजा होऊ नये, आणि पुढच्या रंगकामाच्या वेळी समितीने बसून ठरवावे. तोपर्यंत रिकाम्या भिंतीवर उद्देशिका मोठ्या अक्षरात लिहावी, सावित्रीबाई, जोतीराव, शाहू महाराज, बाबासाहेब, कर्मवीर भाऊराव यांच्या कामाच्या तारखांसह माहिती लावावी, आणि खाली मुलांनी काढलेली चित्रे.

आमची मागणी अशी की १५ जूनला शाळा सुरू होण्याआधी, विदर्भात जूनच्या अखेरीआधी, ही कार्यपद्धती चार पानांत निघावी. जुलैच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी ती वाचून समजावून सांगावी. अनुदानित शाळांच्या संमतिपत्राचा मसुदा आम्ही खाली देत आहोत. हवा तसा बदलून वापरावा.

‘माझा पाल्य ........ इयत्ता .... हा/ही शाळेच्या आवारात होणाऱ्या ........ या धार्मिक कार्यक्रमात (वेळ .... ते ...., घेणारी व्यक्ती ........) भाग घेईल / घेणार नाही. भाग घेणार नसल्यास त्या वेळात त्याला/तिला ........ हा उपक्रम शिक्षकांच्या देखरेखीखाली दिला जाईल. मी ही संमती केव्हाही, कारण न देता, मागे घेऊ शकतो/शकते. हा कागद परत न दिल्यास ‘भाग घेणार नाही’ असे समजले जाईल. पालकांची सही व दिनांक. प्रत मिळाली.’

आपले,
शाळा, तपासणी आणि कायदा या कामांतले काही नागरिक